दुसऱ्या खुंटीवर कोण?

माधव, मंगळाचं रिंगण अजून खळ्यावर आहे. गेरू थोडा उडाला, चिंचेकडच्या बाजूनं कोंबड्यांनी उकरलं, पण रिंगण आहे. आणि तुझी ती दुसरी खुंटीही तिथंच आहे. काल माझ्या गजूला तिची ठेच लागली. एका पायावर नाचत ओरडला, "बाबा, काहून ठेवली ही? उपटून फेका ना!"

मी म्हटलं, "तुह्या बापाचं तिच्याशी भांडण चालू हाय. तू चाल आपला."

शाळेत तुझ्या नावानं सभा झाली. तू कुठं शिकला, अकोल्यात किती वर्षं ड्रॉइंग मास्तर होता, कोणतं बक्षीस मिळालं, सगळं वाचून दाखवलं. मलाही म्हणाले, "किसनराव, दोन शब्द बोला." मी उठलो नाही. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, घाबरला असेल, असं त्यांना वाटलं. वाटू दे. मला तुझी तारीफ करायचीच नव्हती. मला भांडायचं होतं, आणि सभेत मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

बाहेर निघताना इंदूवहिनींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "भाऊजी, मंग लिहून काढा. ते असते तर तुमचं भांडण ऐकाले पाट घेऊन बसले असते."

म्हणून बसलो आहे. तोंडात 'मले' येते, हात 'मला' लिहितो. शाळेनं तीन वर्षांत एवढंच केलं माझ्या हातात. तू वाचताना हसशील, हस.

हे सगळं कागद पुरला नाही म्हणून सुरू झालं, आठवते ना? अकोल्याच्या जुन्या शहरातली खोली सोडून तू गावात परत आला आणि आठवड्यातच तुला करमेनासं झालं. देवळाच्या ओट्यावर पोट्टे जमवले आणि त्यांना सूर्यमाला काढायला लावली. मी बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन येत होतो, तर तू कागद पसरून डोकं खाजवत बसला होता. सगळ्यांचा सूर्य कोपऱ्यात. पाव सूर्य, त्याला किरणं, एकानं तर मिशाही काढल्या होत्या. बाकीचे ग्रह गजऱ्यात ओवल्यासारखे एका ओळीत.

"सूर्य कोपऱ्यात काहून रे?" तू मिशीवाल्याला विचारलं.

"मधात काढला तं बाकीच्यायले जागा नाई उरत, गुरुजी."

मला वाटलं आता तू त्याला समजावणार. तू म्हणाला, "बरोबर हाय याचं. कागदच लहान हाय." आणि माझ्याकडं वळला. "किसना, तुहं खळं रिकामं हाय ना?"

खळं रिकामंच होतं. ज्वारी मी बंद केली, हरभरा मशीनवाला वावरातच काढून देतो. बैल गेले. बैल ज्या खांबाभोवती फिरायचे ती मेढ गेली, मधोमध तिचा खड्डा तेवढा राहिला. तरी मी दर दिवाळीनंतर ते खळं शेणानं सारवून घेत होतो. गजूला तिथं कांद्याची चाळ टाकायची होती. "बाबा, अठी होते काय आता?" तो विचारायचा, आणि मी "खळं म्हणजे खळं" म्हणून उठून जायचो. तू मागितलं तेव्हा मी तुझ्यावर उपकार करत असल्यासारखं तोंड केलं. उपकार तुझा होता. गजूला द्यायला मला उत्तर मिळालं.

माझ्या दोन अटी होत्या. खळ्यावर चप्पल घालून यायचं नाही. आणि शनी काढायचा नाही.

"अबे, शनी नसला तं सूर्यमाला कशाची?"

"माह्या खळ्यावर नाई."

"नाई काढला तं तो आभाळातून जाईन काय?"

"आभाळ माहं नाई. खळं माहं हाय."

पहिली अट तू पाळली. वर्गाच्या दुसऱ्या रविवारी मी येऊन पाहतो तर हळदीचा हा एवढा पिवळा गोळा, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या फक्कीचं कडं. वर मलाच म्हणतो, "पाह्य, कडं घालून आला. नवरदेव दिसते का नाई?" तुझे वडील गावोगाव ग्रहांची शांत करत फिरले. त्यांचा मुलगा तेच ग्रह पोरांच्या हातानं माझ्या दारात आणून बसवत होता. मी तसं बोललो तर तू म्हणाला, "बाबा त्यायले शांत करत. मी ओळख करून देऊन राहिलो. ज्याचं चित्र काढलं, त्याचं कितीक भेव वाटन?"

मला वाटतच होतं. मी एकटा नव्हतो. पुढच्या रविवारी देवळाजवळची रेणू हातात वाटी घेऊन आली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं तुझ्या शनीवर तेल ओतलं. उडीद टाकले, रुईची पानं ठेवली, हात जोडले. आजीनं पाठवलं होतं तिला. पोट्टे फिदीफिदी हसायला लागले. मी वाट पाहत होतो, आता मास्तर चिडते. तू उकिडवा बसला, बोटानं जमीन चाचपली आणि म्हणाला, "बरं केलं रेणू. हळद उडून जात होती, तेलानं धरली."

मग हळूच तिला विचारलं, "पण आजीले विचारजो, एवढ्याशा तेलात भागते काय? शनी लय मोठा हाय. त्याच्यात आपल्या पृथ्वीसारख्या शेकडो मावतात."

आठवड्यानं आजीचा निरोप आला. "सांगजो तुह्या गुरुजीले, आमच्या घरचं वाटीभर. बाकीच्यायनं आपापलं घालावं."

किती हसला होता तू. खोकला लागेपर्यंत. आणि खरंच सांगतो, वाऱ्यानं बाकी सगळे ग्रह पुसले, शनीचा तेलकट डाग पावसापर्यंत टिकला. मी रोज त्याला वळसा घालून जात होतो.

पण आपलं खरं भांडण बैलांवरून झालं. मी कडेला बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो, कान तुझ्याकडं होते. तू सांगत होता, बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून तो सगळ्यात जोरात पळतो. जो जितका लांब, तो तितका हळू. माझ्या हातातली जुडी सुटली.

"माधव, उलटं शिकवून राहिला तू पोट्ट्यायले."

"काय उलटं?"

"मेढीजवळचा बैल कधी पळते काय? तो जागच्या जागी वळते. म्हणून तठी बुढा बैल जुंपत. पळा लागते बाहेरच्याले."

या खळ्यावर मी बैलांची पात हाकली आहे. चार बैल एका ओळीत, गळ्यात गळा बांधलेले. मला कोण शिकवणार? तू शांतपणे म्हणाला, "पातीतले बैल एकमेकाले बांधले असतात, किसना. ग्रह नाई बांधले."

"मंग काय झालं?"

तू वाद घातला नाही. पोरांना उठवलं. रेणू मेढीच्या खड्ड्यात, तिचा हात धरून दुसरा, त्याचा धरून तिसरा, अशी पात लावली आणि म्हणाला, पळा. रेणू भोवऱ्यासारखी जागीच फिरली. बाहेरचा बंड्या धापा टाकत शेवटी शेणाच्या टोपलीवर जाऊन पडला. "पाह्यलं? हे किसनआबाचे बैल," तू म्हणाला. "आता हात सोडा. ज्यानं त्यानं आपल्या रिंगणात आपल्या चालीनं."

"ते समजलं," मी म्हटलं, "पण मधातल्यानं पळायचंच काहून? त्याले कोण हाकलते?"

तू लगेच बोलला नाही. तुझी ही सवय मला आवडायची, तुला कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं की तू आधी त्या प्रश्नाकडं पाहत बसायचा, जसा मी नव्या बियाण्याकडं पाहतो. मग म्हणाला, "जवळ असलं की सूर्य लय जोरानं ओढते. तो पळाला नाई तं आत जाऊन पडन. लांबच्याले ओढ कमी, म्हणून तो रमतगमत जाते."

मी परत जुड्या बांधायला बसलो. तोंडानं हो म्हटलं नाही. पण आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. बाजारात एका बाईनं भाव विचारला तर मी तिला म्हणणार होतो, "बाई, तो हाकलल्यानं नाई पळत, पडू नये म्हणून पळते." म्हणालो असतो तर माझं गिऱ्हाईक गेलं असतं.

तुझी एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत पटली नाही. पोरं काहीही विचारायची. आभाळ एवढं मोठं आहे तर हे सगळे ग्रह खळ्यासारखे एकाच सपाटीवर काहून फिरतात? याचं उत्तर तू दिलं, सुरुवातीला सगळी धूळच होती, गरगर फिरता फिरता चपटी झाली. पण मिशीवाल्यानं विचारलं, "त्या धुळीच्या आधी तठी काय होतं?" आणि तू सरळ म्हणाला, "माहीत नाही. पाहू."

मी तुला विहिरीकडं ओढत नेलं. "मास्तर माणसानं असं म्हनू नये पोरायसमोर."

"काहून?"

"लोक म्हनतील, याले येत नाई."

"नाई येत ना पण!" आणि हे तू अशा आनंदानं म्हणाला जसं काही मोठं घबाड सापडलं. मी उभ्या जन्मात 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं. बाजारात असं म्हणणाऱ्याची टोपली संध्याकाळी भरलेली घरी येते. तू म्हणायचा, "तू बाजारात म्हनू नको. खळ्यावर म्हणून पाह्य एकदा." मी म्हणायचो, माझ्या जिभेला वळण नाही.

मग तो मंगळाचा रविवार आला. तू गेरू आणला होता. पोरांना म्हणाला, मंगळाची माती खरंच अशीच आहे, लोखंड गंजलं की जो लाल रंग येतो तोच तिथं आणि तोच आपल्या गेरूत. मी गेरू चिमटीत घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. आपल्या दाराची चौकट ज्यानं रंगवतो तेच. पोरीच्या पत्रिकेत ज्याच्या नावानं घरं हादरतात तो हा, चिमूटभर गेरू.

त्या दिवशी तू एकाऐवजी दोन खुंट्या ठोकल्या. एक मेढीच्या खड्ड्यात, सूर्याची. दुसरी तिथून चार हातांवर, चिंचेच्या बाजूला. दोरीचा फास करून दोन्हींभोवती टाकला, काठीनं ताणून फिरवत गेला, आणि रिंगण थोडं लांबट आलं, कोहळ्यासारखं. म्हणाला, ग्रहांचे रस्ते असेच असतात. खरे एवढे लांबट नसतात, तुम्हाला दिसावं म्हणून मी खुंट्या दूर ठोकल्या.

पोट्ट्यांना मजा वाटली. मला नाही.

"एका खुंटीवर सूर्य," मी म्हटलं, "आन् दुसऱ्या खुंटीवर कोण?"

"कोणीच नाई."

"कोणीच नाई म्हणजे? माणूस खुंटी ठोकते ते काहीतरी बांधाले ठोकते."

"तठी काहीच नाई, किसना. रिकामी जागा."

"मंग ठोकली काहून?"

"रिंगण काढाले. खुंटी आपल्याले लागते, मंगळाले नाई लागत."

"मंगळाले नाई लागत तं मंगळ तिच्या हिशेबानं काहून चालते?"

तू काठी हातात धरून उभा राहिला. सूर्याकडं पाहिलं, मग त्या दुसऱ्या खुंटीकडं. कपाळावर आठी. मग तू हसला, काठी मला दिली आणि म्हणाला, "लेका, चांगलं धरलं तू. पुढच्या रविवारी सांगतो."

बुधवारी दुपारी जेवून तू आडवा झाला. वहिनींनी चहा ठेवला आणि हाक मारली.

गजू वावरात पळत आला तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होतो. त्यानं सांगितलं. आणि खरं लिहितो, पहिल्यांदा मला रडू आलं नाही. मनात आलं, रविवारचं काय? मला राग आला तुझा. सरणाजवळ लोक तुझ्या पाया पडत होते आणि मी तुझ्या कपाळाकडं पाहत होतो, ती आठी तिथं आहे का म्हणून. नव्हती. म्हणजे तुला उत्तर सापडलं होतं की तू प्रश्नच विसरला होता? हे मला कोण सांगणार?

शनिवारी गजू आला. जोरात बोलणारा पोरगा, त्या दिवशी हळू बोलला. "बाबा, आता वर्ग तं बंद झाला. चाळीचे खांब आणून ठेवू काय?"

"उद्याचा दिवस जाऊ दे," मी म्हटलं. मनात ठरवलं होतं, पोट्टे आले नाहीत तर खळं देऊन टाकायचं. कोणासाठी सारवायचं मग ते?

सकाळी मी उगाच कोथिंबिरीत बसून राहिलो. ऊन चढलं. गजू फीत घेऊन लांबी-रुंदी मोजायला लागला. तेवढ्यात पहिली रेणू आली, चप्पल बाहेर काढून. मग बंड्या, मग बाकीचे. फक्कीची पिशवी त्यांनीच आणली होती. येऊन रिंगणाभोवती उभे राहिले.

"गुरुजी नाईत," मी म्हटलं. "घरी जा."

कोणी गेलं नाही. रेणूनं त्या खुंटीकडं बोट दाखवलं. "आबा, गुरुजी आज सांगनार होते. दुसऱ्या खुंटीवर कोण?"

माधव, माझ्या तोंडात दहा उत्तरं आली. राहू, केतू, काहीही ठोकून दिलं असतं, पोरांनी ऐकलं असतं. त्यांच्या मागं गजू फीत धरून उभा. सगळे माझ्याकडं पाहत होते, आणि मला दिसलं की मी आता काही बनवून सांगितलं तर तुझा वर्ग तिथंच संपतो. चाळ मग हवी तेव्हा होऊ दे.

"मले माहीत नाई," मी म्हटलं.

गजूच्या हातातली फीत सर्रकन आत गेली.

आणि काय सांगू, काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. उलट पोट्टेच बोलायला लागले. मिशीवाला म्हणाला, तिथं पहिले दुसरा सूर्य होता, तो विझला. बंड्या म्हणाला, राहू राहतो तिथं, म्हणून दिसत नाही. एका बारक्या पोरीनं सांगितलं, "तठी गुरुजी हायेत." सगळे खुंटीकडं पाहायला लागले.

"गुरुजी खुंटीवर बसन काय?" मी म्हटलं. "त्याले पाटाशिवाय बसता येत नव्हतं." आणि पोट्टे हसले. रेणू हसता हसता रडली, पण हसली.

मग मला माझा स्वभाव आडवा आला. म्हटलं, रिकामीच आहे ना, मग काढून पाहू. मी दुसरी खुंटी उपटली. दोरी तीच, गाठ तीच, आता एकट्या सूर्याच्या खुंटीभोवती. बंड्याला म्हटलं, ताण आणि फीर. चिंचेच्या बाजूला तो आधीच्याच रेघेवर आला. मला वाटलं, बघ, काही फरक नाही. पण जसा तो वळून इकडं यायला लागला तशी काठी गेरूच्या रेघेबाहेर, आणखी बाहेर, आणि शेवटी तो सरळ माझ्या वाफ्यात.

"आबा," रेणू ओरडली, "मंगळ कोथिंबिरीत गेला!"

मी खुंटी होती त्या भोकात परत ठोकली. बंड्याला पुन्हा फिरवलं. मंगळ कोथिंबिरीतून निघाला आणि गुमान जुन्या रेघेवर चालायला लागला. पुन्हा उपटली, पुन्हा कोथिंबीर. पुन्हा ठोकली, पुन्हा रेघ. पोट्टे टाळ्या पिटत होते आणि मी खुंटी हातात घेऊन उभा, तुझ्यासारखा, कपाळाला आठी घालून.

तिच्यावर कोणी नाही. मी वाकून पाहिलं, हात फिरवून पाहिला, कोणी नाही. पण ती काढली की सगळं रिंगण बदलतं.

तू म्हणशील, चूक. तू म्हणशील, ही तुझ्या दोरीची गोष्ट झाली, आभाळात दोरी नाही. मला माहीत आहे तू असंच म्हणशील, आणि त्यावर मला काय म्हणायचं तेही मी पाठ करून ठेवलं आहे. पण तुझं पुढचं वाक्य मला येत नाही. तेवढ्यासाठी तू पाहिजे होता. बाकी पोरं येतात, फक्की आहे, दोरी आहे. गजूनं खांब विहिरीपलीकडं नेऊन ठेवले, मी न सांगता. वहिनी पाट घेऊन चिंचेखाली बसतात आणि शनीला कडं कोण छान काढतो ते पाहतात. मी आता त्याला वळसा घालत नाही, पण त्याच्यावर पायही देत नाही. एवढ्यावर आपण तडजोड केली असं समज.

खुंटी मी काढणार नाही. गजूला लागू दे ठेच, त्यानं पाहून चालावं. दर रविवारी कोणी ना कोणी नवा पोट्टा येतो आणि तिच्याकडं बोट दाखवून विचारतो, आबा, हिच्यावर कोण? मी त्याच्याकडं पाहतो, मग खुंटीकडं, थोडा वेळ घेतो, आणि तुझ्याच तोंडचं सांगतो.

माहीत नाही. पाहू.